मालकीवाचून उपयोग : असिसीतील दारिद्र्याचा प्रश्न

मध्य इटलीतील उम्ब्रिया प्रांतात, सुबासिओ डोंगराच्या पश्चिम उतारावर वसलेले असिसी हे गाव ज्या एका माणसामुळे जगाला ठाऊक झाले, त्या संत फ्रान्सिसने स्वतःचे म्हणून काहीही ठेवले नव्हते. आणि त्याच गावाच्या टोकाला त्याच्या अस्थींवर उभी असलेली दुमजली बॅसिलिका, म्हणजे पोपने विशेष मान दिलेले चर्च, ही भित्तिचित्रांच्या बाबतीत युरोपातील अत्यंत समृद्ध वास्तूंपैकी एक आहे. या विसंगतीवर बोट ठेवणे सोपे आहे आणि फ्रान्सिसच्या मृत्यूपासून आजतागायत ते ठेवलेही गेले आहे. परंतु तेराव्या आणि चौदाव्या शतकांत फ्रान्सिसच्या अनुयायांना, पोपना आणि विद्यापीठांतील पंडितांना ज्या प्रश्नाने शंभर वर्षे स्वस्थ बसू दिले नाही, तो साधेपणा आणि वैभव यांच्यातील विरोधाहून खोल होता. एखाद्या वस्तूची मालकी न घेता तिचा उपयोग करता येतो काय, आणि येत असेल तर तसा उपयोग करणाऱ्याला खरोखर दरिद्री म्हणावे काय, असा तो प्रश्न होता. आणि त्याची निरनिराळी उत्तरे असिसीच्या दगडांत आजही पाहता येतात.

सुबासिओच्या गुलाबी-पांढऱ्या दगडाने बांधलेले हे गाव रोमन काळापासूनचे आहे. भर चौकात उभ्या असलेल्या मिनर्व्हा देवीच्या देवळाचे सहा स्तंभ दोन हजार वर्षांनंतरही शाबूत आहेत. १७८६ साली असिसीत आलेला जर्मन कवी गटे हा केवळ हे देऊळ पाहण्यासाठी डोंगर चढला आणि बॅसिलिकेकडे त्याने पाठ फिरवली. फ्रान्सिसच्या जन्माच्या सुमारास, म्हणजे ११८१ किंवा ११८२ च्या आसपास, गावाच्या इतिहासाला मात्र निराळे वळण लागत होते. सरदारांच्या हातची सत्ता व्यापाऱ्यांकडे सरकू लागली होती. ११९८ साली नागरिकांनी डोंगरमाथ्यावरचा बादशाही किल्ला पाडला, १२०२ साली शेजारच्या पेरुजिया शहराशी युद्ध झाले आणि त्यात तरुण फ्रान्सिस कैद झाला, तर १२१० साली गावातील ‘थोर’ आणि ‘लहान’ अशा दोन वर्गांत लेखी करार होऊन त्यांचे परस्परांवरील हक्क ठरवण्यात आले. जन्माऐवजी पैसा आणि पैशाला आधार देणारे करारपत्र हेच माणसाचे स्थान ठरवू लागले होते, आणि फ्रान्सिसचा बाप पिएत्रो बेर्नार्दोने हा कापडाचा व्यापारी या नव्या व्यवस्थेचा खराखुरा प्रतिनिधी होता.

बॅसिलिकेच्या वरच्या चर्चमध्ये फ्रान्सिसचे चरित्र सांगणारी अठ्ठावीस भित्तिचित्रे आहेत. परंपरेने ती जोत्तो या चित्रकाराची मानली जातात, तरी ती नक्की कोणाच्या हातची याविषयी अभ्यासकांत वाद आहे. त्यांपैकी पाचव्या चित्रात १२०६ सालचा त्यागाचा प्रसंग आहे. सान दामिआनो या मोडकळीस आलेल्या चर्चच्या दुरुस्तीसाठी फ्रान्सिसने बापाच्या दुकानातील कापड आणि घोडा विकला होता. ते पैसे परत मिळावेत म्हणून बापाने बिशपपुढे फिर्याद नेली आणि मुलाने पैशांबरोबर अंगावरचे कपडेही उतरवून बापाच्या स्वाधीन केले. चित्रात बापाच्या हातावर ते कपडे आहेत, पुढे झेपावू पाहणाऱ्या त्या संतप्त माणसाला मागच्याने मनगट धरून आवरले आहे, आणि पलीकडे बिशप आपल्या झग्याने फ्रान्सिसचे उघडे शरीर झाकीत आहे. बापाचे घर सोडणाऱ्या मुलाला त्याच क्षणी ख्रिस्तसभेच्या वस्त्राखाली आसरा मिळाला. पुढील शतकभराच्या वादाचे बीज या आसऱ्यात आहे, आणि चित्रकाराने ते गौरवाच्या भावनेने रंगवलेले असले तरी पाहणाऱ्याला त्यात प्रश्नही दिसू शकतो.

फ्रान्सिसच्या मागे जमलेल्या बंधूंसाठी तयार झालेल्या आचारनियमाला पोप होनोरियस तिसरा याने १२२३ साली मान्यता दिली. त्यातील सहाव्या प्रकरणानुसार बंधूंनी घर, जागा किंवा कोणतीही वस्तू आपली करून घ्यायची नव्हती, आणि चौथ्यानुसार नाणी स्वीकारायची नव्हती. जुन्या ख्रिस्ती मठांतील संन्याशांचे दारिद्र्य वैयक्तिक असे, मठाची म्हणून सामाईक मालमत्ता असे आणि ती पुष्कळदा अफाटही असे. फ्रान्सिसने ही सामाईक मालकीही नाकारली, हे त्याचे वेगळेपण होते. डोंगराच्या पायथ्याशी असलेले पोर्झिउंकोला हे छोटे प्रार्थनामंदिर बंधूंचे पहिले ठाणे होते, पण ते सुबासिओवरील बेनेडिक्टाइन मठाचे होते, आणि परंपरेनुसार त्या मालकीची आठवण बुजू नये म्हणून बंधू दरवर्षी त्या मठाला टोपलीभर मासे पाठवीत.

थोमास चेलानो या चरित्रकाराने फ्रान्सिसच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी लिहिलेल्या दुसऱ्या चरित्रात या विषयाशी थेट संबंध असलेले तीन प्रसंग आले आहेत. बंधूंच्या सभेसाठी असिसीकरांनी पोर्झिउंकोलाजवळ एक घर बांधले, तेव्हा फ्रान्सिस छपरावर चढून कौले उपटून खाली टाकू लागला. ते घर गावाच्या मालकीचे आहे, बंधूंचे नाही, असे खालून सांगण्यात आल्यावर तो थांबला. बोलोन्या शहरात ‘बंधूंचे घर’ बांधले गेल्याचे कानावर येताच त्याने आजाऱ्यांसकट सर्वांना बाहेर पडायला लावले, आणि कार्डिनल उगोलिनोने ते घर आपले असल्याचे जाहीर केल्यानंतरच त्यांना परत येऊ दिले. तिसरा प्रसंग मरणाच्या वेळचा आहे. १२२६ च्या ऑक्टोबरात उघड्या जमिनीवर विवस्त्र पडलेल्या फ्रान्सिसला मठाच्या प्रमुखाने अंगरखा देताना सांगितले की ही वस्त्रे उसनी दिलेली आहेत आणि ती दुसऱ्या कोणाला देऊन टाकण्याचाही अधिकार तुला नाही. ते ऐकून फ्रान्सिसला आनंद झाला.

या कथा लिहिल्या गेल्या तेव्हा मालकीचा वाद सुरू झालेला होता आणि त्याची सावली त्यांच्यावर पडलेली असणे शक्य आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही फ्रान्सिसला उपयोग आणि मालकी यांतील भेद मान्य होता, इतके त्यांवरून दिसते. मात्र भेद मान्य करणे आणि त्यावर विसंबून राहणे या दोन गोष्टी एक नव्हेत. देऊन टाकण्याचाही हक्क नसावा, या अटीत आनंद मानणाऱ्या माणसाच्या लेखी महत्त्व होते ते आपल्या हाती कोणतीही सत्ता न उरण्याला. आपल्या मृत्युपत्रात त्याने बंधूंना बजावले होते की पवित्र दारिद्र्याला न शोभणारी चर्चे आणि घरे त्यांनी स्वीकारू नयेत, आणि जागेच्या किंवा छळापासून रक्षणाच्या कारणासाठीही रोमच्या दरबाराकडून संरक्षणपत्रे मागू नयेत. या दुसऱ्या आज्ञेकडे अभ्यासकांचे जावे तितके लक्ष जात नाही, आणि दारिद्र्याचा खरा अर्थ तर तिच्यातच आहे.

मृत्यूनंतरच्या घडामोडी विलक्षण वेगाने झाल्या. बोलोन्याचे घर आपले म्हणणारा कार्डिनल उगोलिनो १२२७ साली नववा ग्रेगरी म्हणून पोप झाला. मार्च १२२८ मध्ये एका असिसीकराने गावाच्या पश्चिमेकडील उताराची जमीन दान दिली. ते दान बंधू एलिआसने पोपच्या नावाने स्वीकारले. १६ जुलै १२२८ रोजी फ्रान्सिसला संतपद जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी ग्रेगरीने बॅसिलिकेचा पायाचा दगड बसवला. पूर्वी ‘नरकटेकडी’ म्हणून ओळखली जाणारी ही जागा ‘स्वर्गटेकडी’ झाली. १२३० च्या मे महिन्यात अस्थी येथे आणून इतक्या खोल आणि गुप्तपणे पुरण्यात आल्या की १८१८ साली खोदकाम करीपर्यंत त्यांचे नेमके ठिकाण कोणाला ठाऊक नव्हते. दारिद्र्यव्रत न मोडता एवढी वास्तू उभी राहू शकली, कारण दानपत्रानुसार ती बंधूंची नव्हतीच. १२३० च्याच सप्टेंबरात ग्रेगरीने काढलेल्या आज्ञापत्राने फ्रान्सिसचे मृत्युपत्र बंधूंवर कायद्याने बंधनकारक नसल्याचे ठरवले, मालकी दात्यांकडे आणि उपयोग बंधूंकडे अशी विभागणी केली, आणि नाणी हाताळण्यासाठी मध्यस्थ नेमण्याची सोय करून दिली. १२४५ साली चौथा इनोसंट या पोपने अशा बहुतेक मालमत्तेची मालकी पोपपीठाकडे घेतली.

खालच्या चर्चमध्ये, अस्थींच्या बरोबर वर असलेल्या वेदीच्या छतावर चौदाव्या शतकाच्या आरंभीचे एक रूपकचित्र आहे. सोनेरी पार्श्वभूमीवर ठिगळे लावलेला झगा नेसलेली दारिद्र्यदेवी काट्यांत उभी आहे, कुत्रा तिच्यावर भुंकतो आहे, एक पोर दगड मारते आहे आणि दुसरे काठीने ढोसते आहे. तिच्या मागे मात्र गुलाब फुलले आहेत, आणि ख्रिस्त स्वतः तिचा हात फ्रान्सिसच्या हाती देत आहे. ठिगळांची आणि सोन्याची ही जोडी ढोंगाची निशाणी मानणे अन्यायाचे होईल, कारण ज्या यात्रेकरूंना वाचता येत नव्हते त्यांना त्यागाचा महिमा सांगण्याचे त्या काळातील साधन हेच होते. अधिक बोचणारी गोष्ट चित्रात नसून इतिहासात आहे. याच बॅसिलिकेत पोपचा खजिना सुरक्षित म्हणून ठेवला जात असे, आणि १३१९ साली असिसीत सत्ता बळकावलेल्या पोपविरोधी गिबेलिन पक्षाने तो लुटला. ज्याने नाण्याला हात लावला नाही त्याची समाधी तिजोरी ठरली होती.

तत्त्वचर्चा याच सुमारास शिगेला पोहोचली. १२७९ साली तिसरा निकोलस या पोपने मालकी, ताबा, फलोपभोग आणि उपयोगाचा हक्क या चार कायदेशीर नात्यांपासून वेगळा असा पाचवा प्रकार मान्य केला होता; तो म्हणजे निव्वळ प्रत्यक्ष उपयोग, ज्यामागे कोणताही हक्क उभा नसतो. बंधू हेच तेवढे करतात, असे त्याचे म्हणणे होते. पण मालकी नसणे एवढ्याने व्रत पुरे होते काय, अशी शंका दक्षिण फ्रान्समधील पंडित पीटर ऑलिव्ही याने पुढे आणली. त्याच्या मते उपयोगही तुटपुंजा असणे हा व्रताचाच भाग होता. भरलेल्या कोठारांशेजारी बसून ‘हे आमचे नाही’ म्हणणाऱ्याला त्याच्या लेखी व्रतस्थ म्हणता येत नव्हते. ऑलिव्हीचा वारसा सांगणाऱ्यांना पुढे ‘आध्यात्मिक’ बंधू असे नाव पडले. बाविसावा जॉन या पोपने १३१७ मध्ये त्यांचे आखूड, फाटके झगे आणि कोठारांना असलेला विरोध सोडून देण्याची आज्ञा केली, आणि ती न मानणाऱ्या चौघांना मे १३१८ मध्ये मार्सेय येथे जिवंत जाळण्यात आले. दारिद्र्य किती पाळावे याबद्दलच्या मतभेदासाठी माणसे जाळली गेली, ही घटना या सर्व वादात सर्वांत लाजिरवाणी आहे.

हाच पोप पुढे ‘आध्यात्मिकां’च्या विरोधकांवरही उलटला. कायद्याचा तो कसलेला अभ्यासक होता, आणि १३२२ साली त्याने मांडलेला युक्तिवाद आजही सहज खोडून काढता येत नाही. घर किंवा ग्रंथ वापरूनही शिल्लक राहतो, म्हणून त्याची मालकी एकाकडे आणि उपयोग दुसऱ्याकडे असू शकतो; पण भाकरी खाल्ली की संपते, तेव्हा खाणाऱ्याच्या उपयोगापासून वेगळी अशी मालकी उरतेच कोठे? बंधूने खाल्लेल्या चीजच्या तुकड्याचा मालक पोप आहे, असे म्हणणे निरर्थक आहे. आणि हक्काशिवाय केलेला उपयोग हा तर अन्याय्य उपयोग होईल. असे म्हणून त्याने पोपपीठाकडची मालकी झिडकारली, आणि नोव्हेंबर १३२३ मध्ये ख्रिस्त व त्याचे प्रेषित यांच्याकडे वैयक्तिक किंवा सामाईक असे काहीच नव्हते हे हट्टाने मांडणे पाखंड ठरवले. बंधूंच्या बाजूने बोनाग्रात्सिया या कायदेपंडिताने घोड्याचा दाखला दिला होता: घोडा ओट खातो, पण त्यांचा मालक होत नाही.

या दाखल्याहून सखोल उत्तर दिले ते इंग्लंडहून आव्हिन्यों येथील पोपच्या दरबारी आलेल्या विल्यम ऑफ ऑकम या तत्त्वज्ञाने, जो मे १३२८ मध्ये संघप्रमुख मिकेले दा चेझेना याच्याबरोबर तेथून पळून गेला. त्याच्या मते कायदेशीर हक्क म्हणजे हिरावून घेतल्यास न्यायालयात दाद मागता येईल अशी सत्ता. ज्याला केवळ परवानगीने वस्तू वापरता येते, आणि ती परवानगी देणाऱ्याच्या मर्जीने केव्हाही काढून घेता येते, त्याचा उपयोग न्याय्य असूनही हक्काविना असू शकतो. भाकरी खाणारा बंधू भाकरी संपवतो खरा, पण ती त्याच्या हातून काढून घेतली तर तो कोणाला कोर्टात खेचू शकत नाही; म्हणून तो मालक नव्हे. माणसाच्या हक्कांविषयीच्या युरोपीय विचाराच्या इतिहासात ऑकमच्या या विवेचनाला मोठे स्थान दिले जाते, आणि ते योग्यच आहे.

तरीही हे उत्तर अर्धेच आहे. न्यायालयात जाऊ न शकणाऱ्या बंधूच्या वतीने पोप जात असेल, त्याच्या छपराला हात लावणाऱ्यावर बहिष्काराचे हत्यार उपसले जात असेल, तर बंधूच्या अंगावरून मालकीचे ओझे तेवढे उतरले, मालकीचे बळ मात्र त्याच्या पाठीशी जसेच्या तसे राहिले. फ्रान्सिसने संरक्षणपत्रे मागण्यास का मनाई केली होती, ते येथे उमगते. दारिद्र्याची खरी कसोटी ही की वस्तू हिरावली गेली तर तिच्यासाठी कोण उभे राहते.

या कसोटीला पुरी उतरलेली व्यक्ती असिसीतलीच होती, आणि ती स्त्री होती. क्लेअर, इटालियनमध्ये कियारा, ही सरदार घराण्यातील तरुणी १२१२ च्या सुमारास झावळ्यांच्या रविवारच्या रात्री घर सोडून पोर्झिउंकोलाला आली आणि पुढे गावकुसाबाहेरच्या सान दामिआनो येथे सुमारे चाळीस वर्षे भगिनींसह राहिली. मालकी दुसऱ्याच्या नावावर ठेवण्याच्या बंधूंच्या व्यवस्थेने तिचे समाधान झाले नाही. सप्टेंबर १२२८ मध्ये, म्हणजे बॅसिलिकेचा पाया घातल्यानंतर दोनच महिन्यांनी, तिने त्याच ग्रेगरीकडून एक अपूर्व सनद मिळवली: मालमत्ता स्वीकारण्याची सक्ती तिच्यावर कोणी करू शकणार नाही, अशी हमी देणारी. सनदा नेहमी काहीतरी देतात. ही सनद न घेण्याचा अधिकार देत होती. रोमच्या दरबाराकडे पत्र मागण्याची मनाई तिने मोडली असे कोणी म्हणू शकेल, पण तिने मागितलेले संरक्षण मालमत्तेचे नव्हते, मालमत्तेपासूनचे होते. तिने स्वतः रचलेला आचारनियम, जो एका स्त्रीने स्त्रियांसाठी लिहिलेला पहिला ज्ञात संघनियम समजला जातो, चौथ्या इनोसंटने ९ ऑगस्ट १२५३ रोजी मान्य केला, आणि दोन दिवसांनी तिचे निधन झाले. पुढे तिच्यासाठीही गावात गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांची मोठी बॅसिलिका उभी राहिली.

हा प्रश्न उम्ब्रियापुरता राहिला नाही. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फ्रान्सिस्कन बंधू गोव्यात स्थायिक झाले, आणि जुन्या गोव्यात से कॅथेड्रलला लागून असलेले, १६६१ साली नव्याने बांधलेले असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च मराठी वाचकाला सहज पाहता येण्यासारखे आहे. तेथील सोनेरी मुलामा दिलेल्या मुख्य वेदीवर क्रुसावरील ख्रिस्त आणि फ्रान्सिस यांच्या मूर्ती आहेत आणि त्यांखाली दारिद्र्य, नम्रता व आज्ञापालन ही तीन व्रते कोरलेली आहेत. बंधू बारदेश भागात धर्मकार्य करीत होते, आणि त्या काळात गोव्यात पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याला लावून देण्यात आले होते. अशा उत्पन्नावर चालणाऱ्या व्यवस्थेत राहून, मालकी राजाची किंवा पोपची आहे, आपली नाही, असे म्हणणाऱ्याचे व्रत कायद्याने अभंग राहील. पण ज्याची जमीन गेली त्या गावकऱ्याच्या दृष्टीने मालक कोण आणि वापरणारा कोण या भेदाला काहीही अर्थ नव्हता. उपयोगाबरोबर जबाबदारीही येते, आणि ती मालकाच्या नावावर टाकून मोकळे होता येत नाही, ही गोष्ट तेराव्या शतकातील पंडितांच्या हिशेबातून बहुधा सुटली होती.

असिसीत आज तो जुना तोडगा नव्या स्वरूपात टिकून आहे. १९२९ साली इटलीचे राज्य आणि पोपपीठ यांच्यात झालेल्या करारांनुसार बॅसिलिका पोपपीठाच्या स्वाधीन झाली. बंधू तेथे राहतात, उपासना चालवतात, यात्रेकरूंची व्यवस्था पाहतात, पण मालक नाहीत. समाधीभोवती एकोणिसाव्या शतकात उभारलेले संगमरवरी तळघर १९२५ ते १९३२ या काळात काढून तेथे साध्या दगडाचे बांधकाम करण्यात आले, म्हणजे तो थाट तेथे शोभत नाही हे ख्रिस्तसभेलाही जाणवले. पायथ्याचे पोर्झिउंकोला १५६९ पासून बांधलेल्या एका प्रचंड चर्चच्या घुमटाखाली जपलेले आहे. असिसीला जाणाऱ्या वाचकाने बॅसिलिकेतील चित्रे मनसोक्त पाहावीत, कारण ती पाहण्यासारखी आहेतच. पण तेवढ्यावर परत न फिरता ऑलिव्हच्या झाडांमधून उतरत सान दामिआनोपर्यंत जावे आणि भगिनींची बुटक्या छताची, काळवंडलेल्या लाकडी मेजांची भोजनशाळा पाहावी. फ्रान्सिसचा विचार त्याच्या अनुयायांपैकी कोणाला सर्वांत नेमका कळला, हे तिथे ठरवता येते.